गांजाचे औषध : कितपत खरे?

कर्करोगाच्या किंवा फेफऱ्याच्या रुग्णांचे नातेवाईक हल्ली एक लहानशी बाटली पुढे करून विचारतात, "डॉक्टर, हे विजयेचे तेल सुरू करू का?" विजया म्हणजे भांग-गांजाचेच झाड. 'झाडपाला आहे, अपाय काय होणार?' हा त्यामागचा समज असतो. धोतराही झाडपालाच आहे!

औषध म्हणून हे झाड नवे नाही. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉ. ओ'शॉनेसी यांनी १८३९ साली धनुर्वात व संधिवाताच्या रुग्णांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे तिकडे लक्ष गेले. मात्र अनुभव वेगळा, पुरावा वेगळा.

या झाडातील दोन द्रव्ये महत्त्वाची. टीएचसीने नशा चढते, सीबीडीने चढत नाही. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो सीबीडीचा, आणि तोही लहान मुलांतील फेफऱ्याच्या काही दुर्मिळ, हट्टी प्रकारांत. ड्रॅव्हे सिंड्रोमच्या १२० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. महिन्याला येणाऱ्या झटक्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत १२.४ वरून ५.९ वर आले. नुसते तेल घेणाऱ्यांत ते १४.९ वरून १४.१ एवढेच उतरले. पण हे औषध शुद्ध होते, वजनाच्या दर किलोस रोज २० मिलिग्रॅम दिले होते आणि चालू गोळ्या बंद केलेल्या नव्हत्या. म्हणजे पंधरा किलोच्या मुलाला रोज ३०० मिलिग्रॅम. आपल्या बाटलीवर सीबीडी किती लिहिले आहे ते वाचा व हिशेब करा. थेंबांच्या भरवशावर फेफऱ्याच्या गोळ्या थांबवल्या तर झटके एकामागून एक येऊन मूल दगावू शकते.

केमोथेरपीच्या उलट्यांवर टीएचसीची कॅप्सूल अमेरिकेत १९८५ पासून आहे. आज त्याहून सोयीची औषधे तालुक्याच्या गावीही मिळतात. जुनाट वेदनांत काहींना थोडा आराम पडतो, तरी वेदनांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली या औषधांची शिफारस करण्याचे नाकारले. कर्करोग बरा होतो हा दावा प्रयोगशाळेतल्या पेशींवरून उचललेला आहे; माणसांत तसे सिद्ध झालेले नाही. त्यापायी शस्त्रक्रिया लांबवणे मला तरी अक्षम्य वाटते.

दुसरी बाजूही पाहावी. स्वीडनमधील सुमारे ४५ हजार तरुण सैनिकांच्या पाहणीत (१९८७) पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट आढळले. सगळा दोष गांजाचाच असे त्यावरून म्हणता येत नाही, परंतु घरात कोणाला मनोविकार असेल तर टीएचसी असलेल्या औषधापासून दूरच राहावे. सीबीडीमुळे यकृतावर ताण येतो, व्हॅल्प्रोएट चालू असल्यास अधिकच. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणामही त्याने वाढू शकतो. तेल घरी आणले असेलच तर ते आपल्या डॉक्टरांपासून लपवू नका. बाटली आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी दोन्ही सोबत न्या.