पायवाट कुणाची, विचारलं कुणाला?

मैत्रिणींनो, 'लोकसहभाग' या शब्दाचा मी हल्ली धसका घेतला आहे. एम.एस.डब्ल्यू. करताना हाच शब्द आम्ही परीक्षेत पानंच्या पानं भरून लिहायचो. या जूनमध्ये कर्जत तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीत तो प्रत्यक्षात कसा असतो ते पाहिलं.

वाडीमागच्या डोंगरात शहरातल्या शाळकरी मुलांसाठी 'निसर्ग शिक्षण पायवाट' करायचं घाटतं आहे. झाडांवर पाट्या, बसायला बाकं, दोन्ही टोकांना फाटक. लोकांचं मत घ्यायला बैठक ठेवली मंगळवारी, सकाळी अकराला. पहिला पाऊस पडून गेलेला. अशा वेळी वाडीत बाई सापडेल तर शपथ! कुणी शेवळं काढायला डोंगरात, कुणी ती विकायला बाजारात, कुणी मजुरीला. बैठकीला सतरा पुरुष, अंगणवाडीच्या ताई आणि मी. 'कुणाचीही हरकत नाही' असं वहीत लिहून साहेब बाराच्या आत निघूनही गेले.

संध्याकाळी ओट्यावर बायकांपुढे नकाशा पसरला. ओढा, देव, टेपाड दाखवत गेले. एका आजीने बोट ठेवलं, "ताई, ही तर आमची सरपणाची वाट. फाटक लावलं तर भारा डोक्यावर घेऊन आत-बाहेर कसं करायचं?" मग बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी एक सून खाली बघत म्हणाली, "आणि हे बाक मांडलंय ना, तिथं आम्ही पहाटे जातो." संडास कागदोपत्री घरोघरी आहेत. पण पाणीच नाही, तर ते वापरायचे कसे?

सतरा पुरुषांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. कबूल करते, मलाही नाही.

कायदा या बायकांच्या बाजूने आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे या कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात तर नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा सांगितली आहे. मग मंगळवारी झालं ते काय होतं? चहापान!

पायवाटेला माझा विरोध नाही. मुलांनी जंगल बघावंच. पण काकडाच्या झाडावर लॅटिन नावाची पाटी ठोकून ते काय शिकणार? शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांत काकडाची फळं घालतात, हे पाटी सांगणार नाही. ते सांगणारी बाई वाडीतच आहे. तिला मानधन देऊन शिक्षिका करा ना! प्रस्तावात तिच्या वाट्याला आलंय ते पायवाट झाडण्याचं काम.

आणि आपणही काही कमी नाही हं. बचत गटाच्या किती बैठका आपण एस.टी.च्या वेळेवर, आपल्याच सोयीने लावल्या आहेत?

पुढची बैठक रात्री आठला, वाडीतल्या ओट्यावर घ्या आणि वाटेला फाटक नको, असं पत्र बायकांनी सह्या-अंगठे करून दिलं आहे. अजून उत्तर नाही. तुमच्या भागात अशी पायवाट निघत असेल, तर आधी बैठकीची वेळ विचारा. आणि वहीत बायकांच्या सह्या किती आहेत, तेही बघा.