तासाचे अंतर, दिवसाचा प्रवास

कोल्हापूर आणि मुंबई येथील विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ३१० किलोमीटर आहे. मिरज-पुण्याचा वळसा घेणाऱ्या लोहमार्गाने तेच पाचशे किलोमीटरांवर जाते आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये सारी रात्र काढावी लागते. विमान हा पल्ला तासाभरात गाठते. हिशेब डोळे दिपविणारा खरा. परंतु प्रवासाचा काळ धावपट्टीपासून नव्हे, प्रवाशाच्या उंबरठ्यापासून मोजावयाचा असतो.

कळंब्याहून निघालेल्या माणसाला उजळाईवाडीस पोहोचण्यास अर्धा तास, तेथे उड्डाणापूर्वीचा तासभर, आकाशातला एक तास आणि मुंबईत उतरल्यावर मंत्रालय गाठण्यास आणखी तास-दीड तास लागतो. चार तासांचा हा प्रवास मुळीच वाईट नव्हे. मात्र विमान भर दुपारी सुटत असेल, तर एका सहीसाठी मुंबईत मुक्काम करणे ओघानेच येते आणि वाचलेले तास वसतिगृहाच्या भाड्यात जमा होतात.

कोल्हापूरला विमानाचे अप्रूप नाही. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्येच येथे विमानतळ सुरू झाला. १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटनही झाले. तेव्हा उणीव इमारतीची नाही, सेवेच्या शाश्वतीची आहे. केंद्राच्या 'उडान' योजनेने २०१८ मध्ये मुंबईची सेवा मिळाली. या योजनेत काही आसनांचे भाडे मर्यादित ठेवून कंपनीची तूट सरकार भरून देते. पण हे साह्य तीन वर्षांपुरतेच असते. टेकू निघाला की लहान मार्गांची कसोटी लागते.

दुसरी अडचण मुंबईची. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींचा एकाच वेळी वापर करता येत नाही. उतरण्याच्या मोजक्या वेळांसाठी चढाओढ लागली, की मोठ्या शहरांच्या मोठ्या विमानांपुढे जिल्ह्याच्या लहान विमानाला उरलीसुरली वेळ पत्करावी लागते. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. त्यामुळे जी मोकळीक मिळेल, तिच्यातील सकाळ-संध्याकाळच्या काही वेळा जिल्ह्यांसाठी राखून ठेवणे हे राज्य व केंद्र सरकारांचे कर्तव्य ठरते.

अंतर कमी करण्याचा आणखी एक मार्ग कोल्हापूरने दाखविला आहे. वकील व पक्षकारांच्या प्रदीर्घ लढ्यानंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची वारी टळली. जे काम जिल्ह्यात होऊ शकते, त्यासाठी माणसाला हलवू नये. जे होऊ शकत नाही, त्यासाठी सकाळी जाऊन रात्री घरी परतता यावे. विमानसेवेचे यश उड्डाणांच्या संख्येवरून नव्हे, तर या साध्या कसोटीवरच जोखले पाहिजे.