हलका दोर हवाच, पण नुसता 'हलका' नको



पावसाळा तोंडावर आला की रुळांच्या कडेची झाडे सर्वांना आठवतात. सुबाभळीची फांदी ओव्हरहेड तारेवर आली किंवा गुलमोहर रुळावर आडवा झाला की गाड्या खोळंबतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात प्रवाशांच्या हालाचे फोटो येतात. ते झाड उतरवायला जे पाच-सहा जण दोर, कप्प्या, साखळ्या आणि करवती खांद्यावर घेऊन खडीतून चालत जातात, त्यांचा फोटो कोणी काढत नाही. आज आम्ही त्यांच्या खांद्यावरच्या सामानाविषयी लिहीत आहोत.

टपालातील बंधूंनी हे रेल्वेचे दुखणे समजून पान उलटू नये. जुन्या पोस्ट ऑफिसांच्या आवारात आणि कर्मचारी वसाहतींत मोठाली झाडे आहेत. ती उतरवायला कंत्राटदाराचे मजूर येतात, हाताला लागेल तो दोर बांधतात, आणि खाली आपलीच मुले खेळत असतात. दोर कसला आहे हे तिथेही कोणी विचारत नाही.

आधी ओझ्याचा हिशोब मांडू. 12 मि.मी. जाडीचा तारेचा दोर मीटरला अर्धा किलोहून जास्त भरतो. 50 मीटरचे वेटोळे म्हणजे पंचवीस किलोच्या वर. त्यात लोखंडी कप्पी, शॅकल, साखळी, चेन सॉ आणि तेलाचा डबा धरा. ट्रॉली मिळाली तर ठीक, नाही तर हे सगळे माणसाच्या अंगावर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली आपल्या 128 क्रमांकाच्या शिफारशीत पुरुष कामगाराने वाहायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो सांगितली. पण ती नुसते ओझे वाहणाऱ्याची मर्यादा आहे. आपला माणूस ओझे टाकल्यावर झाडावर चढतो, वर करवत चालवतो आणि घड्याळाकडे बघत काम उरकतो. दमलेला हात गाठ चुकवतो. म्हणून हलके सामान ही चैनीची मागणी नाही, ती सुरक्षेची मागणी आहे.

हे आम्हाला पूर्वीच पटले होते. तरी आमच्या हातून एक चूक झाली, ती इथे कबूल करणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेने बैठकीत मागणी लावली की झाडे उतरवण्याच्या कामासाठी वजनाने हलके दोर द्यावेत. मागणी मान्य झाली. गेट मीटिंगमध्ये आम्ही तो विजय म्हणून सांगितला, टाळ्याही घेतल्या. दोन महिन्यांनी स्टोअरमधून निळे, चकचकीत प्लास्टिकचे दोर आले. हलके होते आणि सर्वांत कमी दराचे होते. एका शिरीषाचा ओंडका खाली सोडताना तो दोर फांदीच्या बेचक्यात घासला, तापला, वितळला आणि तुटला. ओंडका खाली दोर धरणाऱ्या गँगमनच्या पायावर आला. तीन महिने तो घरी होता. चौकशीच्या कागदावर शेरा पडला की कामगाराने काळजी घेतली नाही. त्या शेऱ्याविरुद्ध आम्ही भांडलो आणि तो काढायला लावला. पण मागणीपत्रावर सही आमची होती, आणि त्यात 'हलका' हा एकच शब्द होता. कचेरीने तो शब्द तंतोतंत पाळला.

तेव्हापासून आम्ही दोर समजून घेऊ लागलो. जे समजले ते प्रत्येक गँगमध्ये पोचावे अशी इच्छा आहे.

निळा दोर पॉलिप्रॉपिलिनचा होता. तो 165 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो आणि उन्हात लवकर कुजतो. पॉलिएस्टरचा दोर अडीचशे अंशांपर्यंत टिकतो आणि ऊनही सोसतो. दोन्ही हलकेच, पण एकावर ओंडका सोपवता येतो, दुसऱ्यावर नाही. आता बाजारात त्याहून हलके, डायनीमासारख्या धाग्याचे दोर आले आहेत. त्याच जाडीच्या तारेच्या दोराइतकी किंवा जास्त ताकद, आणि वजन सातवा-आठवा हिस्सा. ऐकायला फार छान. पण हा धागा 150 अंशांच्या आतच वितळतो आणि ताणला जवळजवळ जात नाही. म्हणजे पडता ओंडका थोपवायचा तर धक्का तो गिळत नाही, पुढे कप्पीला आणि खोडाला देतो. कप्पी खोडाला बांधायच्या पट्ट्यासाठी तो उत्तम. ओंडका सोडायच्या, घासत जाणाऱ्या दोरासाठी पॉलिएस्टरच बरे.

आमचे काही जुने मुकादम म्हणतात, मनिलाच बरा, हाताला धरतो. खरे आहे. पण पावसात तो पाणी पितो, जड होतो, आणि बाहेरून धड दिसला तरी आतून कुजतो. मनिलावर हात बसलेल्या माणसाचे कसब आम्हाला हवे आहे, दोर मात्र नवा हवा.

आता भाराचा हिशोब. 30 सें.मी. जाडीचा आणि 1 मीटर लांबीचा ओला ओंडका साधारण 70 किलो भरतो. हळूहळू सोडला तर दोरावर तेवढाच भार. पण कापल्यावर तो 2 मीटर मोकळा पडला आणि दोराने 40 सें.मी.च्या ताणात थोपवला, तर दोरावर सरासरी सहापट, म्हणजे 420 किलोचा जोर येतो. क्षणभर त्याहूनही जास्त. कप्पीवर दोराच्या दोन्ही बाजूंची ओढ पडते, म्हणून तिच्यावर आणि तिच्या पट्ट्यावर जवळजवळ दुप्पट. गाठ मारली की दोराची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यापर्यंत कमी होते. या सगळ्यासाठी जाणते लोक दोर तुटण्याच्या भाराचा दहावा हिस्साच कामाला धरतात. चांगल्या विणीचा 16 मि.मी.चा पॉलिएस्टर दोर पाच टनांच्या आसपास तुटतो, म्हणजे कामाला पाचशे किलो. त्याचे 50 मीटर साधारण दहा किलो भरतात. तारेच्या दोराच्या निम्म्याहून कमी ओझे, आणि ओंडक्याला पुरेसा. आम्हाला जो हलका दोर हवा होता, तो हा. तेव्हा मागणीपत्रात हे आकडे लिहिले नाहीत, हीच चूक.

कप्पीचेही तसेच. ॲल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे. त्याची कप्पी जरूर घ्यावी, पण तिच्यावर कामाचा भार कोरलेला असला पाहिजे, आणि तो दोराच्या कामाच्या भाराच्या निदान दुप्पट पाहिजे. माणसाने चढायच्या हलक्या कड्या ओंडक्याला लावू नयेत. एकदा लावल्या तर त्या पुन्हा माणसाला लावू नयेत.

एक धोका कोणताही दोर टाळू शकत नाही. वर 25,000 व्होल्ट आहेत. पॉवर ब्लॉक घेऊन अर्थिंग केल्याशिवाय चालू तारेच्या 2 मीटरच्या आत माणूस, फांदी की दोर, काहीही जाता कामा नये. दोर प्लास्टिकचा आहे म्हणून वीज लागणार नाही, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. ओला, मळका दोर वीज वाहतो.

इथेच मुख्य प्रश्न येतो. सर्वांत स्वस्त हलके सामान कोणते? लहान ओंडका. एक मीटरऐवजी अर्धा मीटर कापला तर 70 चे 35 किलो होतात आणि दोरापासून खोडापर्यंत सगळ्यांवरचा जोर निम्मा होतो. कोणत्याही दुकानातली वस्तू एवढे हलके करून देत नाही. पण लहान ओंडके म्हणजे जास्त काप, आणि जास्त काप म्हणजे जास्त वेळ. ब्लॉक तासाभराचा मिळतो, त्यातली वीस मिनिटे अर्थिंगमध्ये आणि परवानग्यांत जातात, आणि मग वरून हाक येते, मोठेच तुकडे पाडा. म्हणजे जो ब्लॉक कमी करतो तो दोरावरचा भार वाढवतो. आमच्या मते पुरेसा ब्लॉक हा सामानाच्या यादीतला पहिला नग आहे.

प्रशासन म्हणेल, चांगले सामान महाग आहे. आहेच. पण तो खर्च एकदा गाड्या तासभर खोळंबल्याच्या खर्चाशी ताडून पाहा. आणि आमच्या गँगमनच्या पायाची किंमत कोणत्या टेंडरमध्ये धरली होती, तेही सांगा.

म्हणून प्रत्येक शाखेने पुढील मागण्या लेखी द्याव्यात:

1. दोर, पट्टे आणि कप्प्या यांच्या खरेदीत धाग्याचे नाव, जाडी, तुटण्याचा भार आणि कामाचा भार लिहिलेला असावा. सर्वांत कमी दर हा त्यानंतरचा विचार.

2. खरेदीपूर्वी नमुना प्रत्यक्ष काम करणाऱ्या गँगच्या हातात द्यावा आणि तिचा अभिप्राय फाइलला लागावा.

3. प्रत्येक दोराला वापरात आल्याची तारीख असावी. चिरलेला, वितळलेला किंवा मोठा धक्का खाल्लेला दोर कापून टाकावा, दुसऱ्या कामाला देऊ नये.

4. ब्लॉक झाडाच्या मापाने मिळावा आणि सामान नेण्यास ट्रॉली मिळावी.

5. कंत्राटी मजुरांनाही हेच सामान मिळेल अशी अट टेंडरमध्ये असावी. हे काम आता बरेचसे त्यांच्याच हातून होते. ते आपल्या युनियनचे सभासद नसतील, पण झाड सभासदत्वाची पावती बघून पडत नाही.

मागणी लावणे सोपे असते, ती नेमक्या शब्दांत लावणे कठीण. आम्ही एक शब्द कमी लिहिला आणि एका भावाने तीन महिने खाटेवर काढले. तो आता कामावर आहे. पुढच्या मागणीपत्राचा मसुदा आम्ही आधी त्यालाच दाखवला. त्याने वाचून एक ओळ वाढवली, खरेदीपूर्वी नमुना गँगला दाखवा. वरच्या यादीतली दुसरी मागणी त्याची आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!