धुरावरच्या बरगड्या आणि आजोबांचे ताट

मागील महिन्यात एका वाचक भगिनींचे सविस्तर पत्र आले. त्या आणि त्यांचे पंचाहत्तरीचे यजमान अमेरिकेतील मिझुरी राज्यात मुलाकडे चार महिने राहून आले. मुलगा आणि सून उन्हाळ्यातील बहुतेक रविवारी परसात डुकराच्या बरगड्या धुरावर शिजवीत. शेजारीपाजारी जमत, सहा-सहा तास गप्पा चालत. यजमानांना रक्तदाबाचा विकार आहे. हृदयात कृत्रिम झडप असल्यामुळे त्यांना रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन हे औषध नित्य घ्यावे लागते. ‘बाबांना मांस नको’ असे पहिल्याच आठवड्यात ठरले. मांसाऐवजी कॉलर्ड नावाची तिकडची पालेभाजी त्यांच्या ताटात भरपूर वाढली जाऊ लागली. उरलेली भाजी पुढे तीन दिवस त्यांनाच पुरत असे. महिन्याभराने रक्ततपासणी झाली, तेव्हा आयएनआरचा आकडा नेहमीच्या पातळीपेक्षा पुष्कळ खाली गेला होता. डॉक्टरांनी तातडीने औषधाची मात्रा बदलली आणि अनर्थ टळला.

भगिनी लिहितात, “आम्ही सर्वांनी मांसावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले, मग चूक कोठे झाली? आणि दुसरे असे की, आपले ताट वेगळे काढले गेले हे ह्यांच्या मनाला फार लागले. पुढच्या वर्षी जायचे आहे. काय करावे?”

हे दोन्ही प्रश्न अनेक घरांचे आहेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी डुकराचे मांस वर्ज्य आहे याची मला जाणीव आहे. परंतु पुढील मजकुरातील मीठ, पालेभाजी, कडधान्ये आणि धूर यांविषयीच्या गोष्टी शाकाहारी वाचकांनाही उपयोगी पडतील. वसईकडील मराठी ख्रिस्ती कुटुंबांत व गोव्यात तर हे मांस सणावारी शिजतेच.

कठीण मांस मऊ कसे होते

‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. अमेरिकेच्या दक्षिण भागात ही पाककला मुख्यतः गुलामगिरीत राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हातांनी घडली. धन्याच्या ताटात उत्तम मांस जाई आणि बरगड्यांसारखा चिवट भाग त्यांच्या वाट्याला येई. तो खाण्याजोगा करण्याचा उपाय एकच होता: मंद आच आणि भरपूर वेळ. पुढे प्रत्येक शहराने आपापली रीत बसवली. मेंफिसमध्ये कोरडा मसाला चोळतात, तर कॅन्सस सिटीत टोमॅटो आणि काकवीचा दाट गोड सॉस लावतात. बरगड्यांचा पट्टा चौकोनी छाटण्याची एक पद्धत सेंट लुईसच्या नावाने ओळखली जाते.

चिवटपणा येतो तो कोलॅजन या तंतुमय प्रथिनामुळे. मंद आचेवर कित्येक तास राहिल्यावर कोलॅजनचे जिलेटिन होते आणि मांस हाडापासून अलगद सुटते. दातांची कवळी असणाऱ्या, किंवा चावण्याचा कंटाळा येऊन जेवण कमी झालेल्या वृद्धांना असे मऊ मांस सोसते. उतारवयात स्नायू झिजतात आणि प्रथिनांची गरज घटत नाही. मूत्रपिंडे निरोगी असल्यास वृद्धांनी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे वार्धक्याचे अनेक तज्ज्ञ सुचवतात. तेव्हा मांस म्हटले की वृद्धाला वर्ज्य, हे गणित सरसकट बरोबर नाही.

बाधक गोष्टी वेगळ्या आहेत. मसाल्यातील मीठ, सॉसमधील साखर व मीठ, मांसाची चरबी, आणि धूर. यांपैकी बहुतेकांवर स्वयंपाक करणाऱ्याचा ताबा असतो.

एकाच आचेवर दोन पट्टे

बरगड्यांचा एक पट्टा साधारण एक ते सव्वा किलोचा असतो. दोन पट्टे शिजवायचे असतील तर त्यांतील अर्धा पट्टा आजी-आजोबांसाठी आधीच वेगळा काढावा. त्याची कृती अशी:

खरेदी करतानाच वेष्टनावरील मजकूर वाचावा. अमेरिकेत काही मांसात मिठाचे पाणी टोचून भरलेले असते आणि तसे वेष्टनावर लिहिलेले असते. ते घेऊ नये. मागील बाजूचा पातळ पापुद्रा बोटांनी किंवा कागदी रुमालाने धरून सोलून काढावा. तो राहिला तर चामड्यासारखा लागतो व घशात अडकू शकतो. दिसणारी चरबी छाटावी.

तयार मसाल्यात मीठ बरेच असते. त्याऐवजी पॅप्रिका किंवा काश्मिरी मिरची, मिरपूड, लसणाची पूड, मोहरीची पूड आणि जिरेपूड एकत्र करावी. या अर्ध्या पट्ट्याला पाव चमच्याहून अधिक मीठ लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ खावे. चव उणी वाटेल अशी भीती नको. धुराचा सुवास आणि शेवटी शिंपडलेले थोडे व्हिनेगर किंवा लिंबू मिठाची उणीव बरीच भरून काढतात. मात्र ‘कमी सोडियमचे मीठ’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते.

निखारे शेगडीच्या एका बाजूस व मांस दुसऱ्या बाजूस ठेवावे. मांसाखाली पाण्याचे पसरट भांडे ठेवावे. चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकली की जो धूर उठतो त्यात घातक संयुगे अधिक असतात. भांड्यामुळे हे टळते. झाकणाखालचे तापमान १०७ ते १२१ अंश सेल्सिअस राखावे. हिकरी, सफरचंद किंवा चेरीचे वाळलेले लाकूड वापरतात. चीक असलेले पाइनसारखे लाकूड किंवा रंगवलेल्या फळ्यांचे तुकडे कदापि वापरू नयेत. पांढरा दाट धूर कडवट असतो. तो ओसरून विरळ, निळसर धूर येऊ लागल्यावरच मांस ठेवावे.

घरोघरची रूढ रीत अशी की तीन तास धूर, मग दोन तास अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून, आणि शेवटी एक तास सॉस लावून उघड्यावर. वृद्धांच्या वाट्यासाठी धूर दीड तासावर थांबवावा. मग थोडा सफरचंदाचा रस घालून मांस घट्ट गुंडाळावे आणि मऊ होईपर्यंत तसेच शिजू द्यावे. धूर कमी लागतो आणि मांस अधिक मऊ होते. बाजारचा गोड सॉस लावू नये. त्याच्या दोन मोठ्या चमच्यांत दहा-पंधरा ग्रॅम साखर सहज असते. मधुमेह नसलेल्यांनी हवा तर बाजूला घेऊन बोट बुडवावे, एवढाच.

डुकराच्या मांसातील जंतांची धास्ती आपल्याकडील वडीलधाऱ्यांना असते आणि ती निराधार नाही. अखंड मांसासाठी आतील तापमान किमान ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विश्रांती, अशी अमेरिकी कृषी खात्याची सूचना आहे. बरगड्या मऊ होतात त्या ९० ते ९५ अंशांना. म्हणजे मऊ झालेल्या बरगड्यांत ती भीती उरत नाही. तरीही अंदाजावर न जाता मांसात खुपसण्याचा तापमापक वापरावा, कारण रंग फसवतो. धुरातील वायूंमुळे पूर्ण शिजलेल्या मांसाच्या कडेलाही गुलाबी वलय येते. ते कच्चेपणाचे लक्षण नव्हे.

वाढताना मांस हाडापासून सोडवून, बोटांनी चाचपून, कुर्च्या व हाडाचे कण काढून द्यावे. दोन-तीन बरगड्यांचे, साधारण ७५ ते ८५ ग्रॅम मांस पुरे. शेगडीची जाळी तारेच्या ब्रशाने घासत असाल तर सावध असावे. तुटलेली बारीक तार अन्नाला चिकटून घशात किंवा आतड्यात रुतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. नंतर जाळी ओल्या फडक्याने पुसावी.

सोबतच्या भाज्या: खरी गफलत येथे

आता भगिनींच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. कॉलर्ड ही कोबीच्या कुळातील पालेभाजी. ती तासभर मंद शिजवतात, त्यामुळे ती मऊ, पौष्टिक आणि निरुपद्रवी दिसते. परंतु तिच्यात के जीवनसत्त्व फार मोठ्या प्रमाणात असते. वॉरफरिन नेमके याच जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणून रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती कमी करते. जीवनसत्त्व एकाएकी वाढले की औषध दुबळे पडते, आयएनआर उतरतो आणि कृत्रिम झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या अॅसिनोकुमारॉल या औषधालाही हेच लागू आहे. पालक, मेथी, माठ यांचेही तसेच. अॅपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगाट्रान या नव्या औषधांवर मात्र पालेभाजीचा असा परिणाम होत नाही. म्हणून आपले औषध कोणते, हे प्रत्येक रुग्णाला व त्याच्या शुश्रूषा करणाऱ्याला ठाऊक असावे.

याचा अर्थ पालेभाजी बंद करावी असा नाही. प्रमाण स्थिर ठेवावे, असा आहे. आठवड्याला जितकी खाण्याची सवय आहे तितकीच खावी. परदेशी जाण्यापूर्वी डॉक्टरांना आहारातील बदल सांगावा आणि तेथे पोहोचल्यावर तपासणी लवकर करून घ्यावी. औषधाची मात्रा आपल्या मनाने कधीही बदलू नये.

कॉलर्डमध्ये खारवलेल्या डुकराच्या पायाचा तुकडा टाकण्याची तिकडे चाल आहे. त्यामुळे भाजीत व तिच्या रश्श्यात मीठ पुष्कळ उतरते. वृद्धांसाठी कांदा, लसूण, मिरपूड आणि शेवटी व्हिनेगर पुरते.

दुसरा सोबती म्हणजे मंद शिजवलेले घेवड्याचे दाणे. हे रात्रभर भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात आधी खळखळून उकळावेत. राजमा वापरत असाल तर याला पर्याय नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते आणि मंद आचेच्या विजेच्या भांड्यात ते नष्ट होण्याइतके तापमान येईलच असे नाही. अर्धकच्च्या राजम्याने काही तासांतच उलट्या व जुलाब सुरू होतात आणि वृद्धांना त्यातून येणारा शोष झेपत नाही. म्हणून अर्धा तास चांगला उकळून मगच मंद आचेवर ठेवावा. दुसरी युक्ती अशी की टोमॅटो, काकवी किंवा व्हिनेगर दाणे पूर्ण मऊ झाल्यावर घालावे. आधी घातल्यास दाणे टणक राहतात आणि कवळीखाली त्रास देतात.

कच्च्या कोबीची कोशिंबीर आजोबांसाठी वाफवून घ्यावी. भाजलेले रताळे मऊ व रुचकर असते, परंतु मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तुकडा लहान असावा.

धूर, आणि उरलेले अन्न

कोळशाची शेगडी नेहमी उघड्यावरच पेटवावी. बंद गॅरेज, काचा लावलेली गॅलरी किंवा घराचा कोपरा येथे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो जीव घेतो. दमा व फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या व्यक्तींची खुर्ची वारा येतो त्या बाजूस, शेगडीपासून दूर मांडावी. पदर व ओढणी खोचून घ्यावी.

तयार अन्न दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये. उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. उरलेले उथळ भांड्यात काढून लगेच फ्रिजमध्ये ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे, आणि खाताना वाफ येईपर्यंत पूर्ण गरम करावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. खारवणे आणि धुरी देणे या दोन्ही गोष्टी त्या व्याख्येत येतात. म्हणून हा पदार्थ दर रविवारचा नसावा, महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळचा असावा. हे पथ्य वृद्धांपुरते नसून मुलगा, सून आणि नातवंडांनाही तितकेच लागू आहे. ज्यांना संधिवाताचा गाउट हा प्रकार किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच चव घ्यावी.

आता दुसरा प्रश्न. भगिनींनी पुढच्या वर्षी जाण्यापूर्वी मुलाला हे पान वाचायला द्यावे आणि तीन गोष्टी सांगाव्यात: अर्धा पट्टा बिनमसाल्याचा राखून ठेवावा, पालेभाजीची वाटी मोजून वाढावी, आणि तपासणीची तारीख फ्रिजवर लिहून ठेवावी. यजमानांच्या डॉक्टरांनी होकार दिला की मग त्यांना परसात वाऱ्याच्या बाजूला बसवावे व तापमापकावर लक्ष ठेवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. सहा तासांच्या या स्वयंपाकात पाच तास तर वाट पाहण्याचेच असतात, आणि वाट पाहताना गप्पा मारायला आजोबांइतके सवडीचे माणूस घरात दुसरे नसते. वाटीतले मीठ वेगळे असले तरी चालेल, पंगत एकच असावी.