भिंतीवरचा बैल

पावसाळ्याने भिंतींवर काढलेली चित्रे पुसता यावीत, म्हणूनच दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याची चाल पडली असावी, असा माझा एक खासगी सिद्धांत आहे. श्रावणात उतरलेली ओल भाद्रपदात पसरते, आश्विनात वाळते आणि तिच्या कडेने पिवळसर रेघ उमटते. गृहिणीला तेथे डाग दिसतो, यजमानांना खर्च दिसतो आणि घरातल्या पाच वर्षांच्या चिरंजीवांना उंट दिसतो. तिघेही खरेच बोलत असतात. पण उंटाची बाजू घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही. आज मी त्याचे वकीलपत्र घेतले आहे.

माझे साक्षीदार लहानसहान नाहीत. लिओनार्दो दा व्हिंचीने आपल्या टिपणांत चित्रकारांना सल्लाच दिला आहे, की डागाळलेल्या भिंतीकडे टक लावून पाहा. तेथे डोंगर, नद्या, लढाया, चेहरे, सारे काही सापडेल. घंटांच्या नादात मनातला शब्द ऐकू येतो ना, तसेच हे! आपल्या कालिदासाच्या यक्षालाही आषाढातला मेघ प्रथम दिसतो, तो टेकाडाला धडका देत खेळणाऱ्या हत्तीसारखा. रवींद्रनाथांची तर आणखीच गंमत. कवितेत खोडलेल्या शब्दांवर ते रेघा ओढीत आणि त्या खाडाखोडीतून चित्रविचित्र पशुपक्षी बाहेर पडत. 1924 च्या सुमारास ‘पूरबी’च्या हस्तलिखितात हा खेळ रंगला आणि 1930 साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते.

मात्र प्रतिपक्षाचेही ऐकले पाहिजे. नुसते दिसणे म्हणजे प्रतिभा नव्हे. माणसाच्या नजरेची ती खोडच आहे. 1976 साली व्हायकिंग यानाने मंगळावरच्या एका टेकडीचे छायाचित्र पाठविले, तेव्हा कितीतरी लोकांना तीत माणसाचा चेहरा दिसला. पुढे अधिक स्पष्ट छायाचित्रे आली आणि टेकडी ती टेकडीच राहिली. लिओनार्दोही सावध होता. भिंतीवर रंगाने भिजलेला स्पंज फेकला तरी त्या डागात सृष्टिदेखावा दिसतो, असे बोतिचेल्ली म्हणत असे. लिओनार्दोचे उत्तर असे, की दिसतो खरा, पण तो पुरा कसा करावा हे काही डाग शिकवीत नाही.

याचा अर्थ मला पुस्तकात नव्हे, घरातच कळला. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईचे मांडीचे हाड मोडले आणि ऐन पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळली. समोर ओल आलेली भिंत. आठवडाच्या आठवडा ती कोणाशी धड बोलत नसे. जेवणाचे ताट तसेच परत येई. डॉक्टर हाडाविषयी निश्चिंत होते, आम्ही नव्हतो. एके दुपारी ती नातीला म्हणाली, “अगं, तो बघ मोटेचा बैल.”

नातीने मोट कधी पाहिलेली नव्हती. तिने वही आणली आणि बैल काढला. आजीने चष्मा मागवून घेतला. “छे! मोट भरून वर आली, की बैल तोंड फिरवून माघारी नाही येत. मागे मागे सरत येतो. त्याला सवयच असते.” चित्र खोडले. पुन्हा काढले. तिसऱ्या दिवशी बैलाची पावले जमली. मग धाव आली, थारोळे आले, पाटाचे पाणी आले. आईच्या माहेरची सबंध विहीर त्या वहीत उतरली. बैल भिंतीने दिला होता, पण तो मागे सरतो हे आईला ठाऊक होते, आणि ते कागदावर आणायला नातीला तीन दिवस खपावे लागले. ताट आता रिकामे होऊन परत येऊ लागले होते.

रंगारी आले तेव्हा मी म्हटले, “आई, एवढी भिंत राहू देऊ का?”

“दे रे रंग,” ती म्हणाली. “वहीत आहे आता.”

तेव्हा वाचकहो, तुमच्याही भिंती एव्हाना रंगल्या असतील, तर खंत नको. फरशी आहे, ढग आहेत, चहाच्या कपाच्या तळाशी गाळ आहे. उंट कोठेही भेटतो. भेटला, की त्याचे गुडघे नेमके कोठे असतात, एवढे मात्र जाणत्याला विचारून घ्या.