बचत कोणाची आणि मोजणार कोण?

वितरणजाळ्यातील विजेचा दाब किंचित उतरवला की खप घटतो आणि ग्राहकाला त्याची जाणीवही होत नाही, असा वीजतज्ज्ञांचा दावा आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकातील तेलटंचाईपासून हे प्रयोग चालू आहेत. २०१० साली तेथील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने देशभर ही पद्धत लागू केल्यास वर्षाला सुमारे ३ टक्के वीज वाचेल, असा हिशेब मांडला. परंतु हा आकडा संगणकावरील प्रतिरूपातून आला होता, ग्राहकांच्या मीटरवरून नव्हे.

मूळ अडचण इथेच आहे. न वापरलेली वीज कोणत्याही मीटरवर उमटत नाही. दाब उतरवला नसता तर खप किती झाला असता, याचा केवळ अंदाज बांधता येतो. म्हणून एक दिवस उतरवलेला आणि एक दिवस नेहमीचा दाब ठेवून तुलना करतात. पण हवामान व कामाच्या वेळा यांमुळे खपात रोज होणारी चढउतार या दोन-तीन टक्क्यांना सहज गिळून टाकते. शिवाय, जुना तारेचा दिवा कमी दाबावर खरोखरच कमी वीज खातो. पाणी तापवणारा हीटर मात्र तेच पाणी अधिक वेळ घेऊन तापवतो. भार ओढणारी मोटार तर उलट जादा प्रवाह खेचते आणि तापते.

महाराष्ट्रात ही पद्धत आणू पाहणाऱ्यांनी आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. २००३च्या वीज कायद्याने दोन वर्षांत मीटरविना वीजपुरवठा बंद करण्याचे बंधन घातले. तरीही असंख्य कृषिपंपांची आकारणी आजही अश्वशक्तीवरच होते. जिथे खपच गृहीत धरलेला, तिथे बचत कशाच्या आधारे सिद्ध करणार? वाहिनीच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला आधीच अपुरा दाब मिळतो. त्याची मोटार जळाली तर दुरुस्तीचा खर्च बचतीच्या कोणत्या रकान्यात मांडणार?

समाजवाद्यांचा बचतीला विरोध असण्याचे कारण नाही. वाचलेल्या प्रत्येक युनिटामागे कोळसा वाचतो. विरोध आहे तो वरच्यांनी मांडलेल्या आणि खालच्यांनी भरपाई केलेल्या हिशेबाला. म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात: प्रत्येक फीडर व रोहित्रावर चालू मीटर, वाहिनीच्या शेवटच्या जोडणीवर दाबाची नोंद आणि या नोंदी जनतेला खुल्या. तोवर बचतीचा प्रत्येक आकडा हा निव्वळ दावा समजावा, पुरावा नव्हे.