वरचा वर्ग

क्रिकेटचे वेड आमच्या घरात दोन पिढ्यांपासून आहे. फुटबॉलचे मात्र कोणास नाही, अशी आमची समजूत होती. 2025 सालच्या आषाढात, वद्य पक्षातील एका रात्री, ही समजूत आमच्याच ओसरीवर खोटी ठरली. त्या दिवशी पावसाने असा काही जोर धरला की, कल्याणकडे निघालेले आमचे व्याही वाटेतूनच मुरबाडला परतले. सौभाग्यवतींनी पिठले-भाताचा बेत केला, वीज शिरस्त्याप्रमाणे गेली, आणि जेवणे उरकून घरातील लहानथोर मंडळी ओसरीवर येऊन बसली.

व्याही मूळचे गोव्याचे, फोंड्याकडील. गृहस्थ मोठे बोलके. परंतु त्या रात्री सुपारी कातरण्यापलीकडे त्यांच्या हातून काही होईना. आम्ही प्रकृतीची चौकशी केली, तेव्हा ते म्हणाले, "प्रकृतीस काय धाड भरली आहे, मास्तर? आमचा चर्चिल नापास झाला. चैत्रात पास केला, बक्षीससुद्धा हाती दिले. आणि आता आषाढात कळवतात की, गुणांची बेरीज चुकली!"

'नापास' हा शब्द कानी पडताच आम्ही सरसावून बसलो. 36 वर्षे ज्याने गुणपत्रके भरली त्यास या शब्दाचा वास लांबूनही येतो. चर्चिल म्हणताच आम्हांस प्रथम विलायतेचे जुने मुख्य प्रधान आठवले, यावरून आमच्या धाकट्या नातवाची बरीच करमणूक झाली. चर्चिल ब्रदर्स हा गोव्यातील फुटबॉलचा संघ असून त्याने 2009 व 2013 या दोन वर्षी देशाचे अजिंक्यपद मिळवले होते, ही माहिती त्याने एका दमात सांगितली. आमच्या घरात असे ज्ञान केव्हा शिरले, देव जाणे.

ज्या वाचकांस या खेळातील व्यवस्था ठाऊक नसेल, त्यांच्याकरिता थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडील शाळांप्रमाणे फुटबॉलच्या संघांसही इयत्ता असतात. वर्षभर प्रत्येक संघ इतर संघांशी खेळतो. जिंकल्यास 3 गुण, बरोबरी झाल्यास 1. वर्षाअखेर खालच्या इयत्तेतील पहिला वर चढतो आणि वरच्या इयत्तेतील शेवटचा खाली उतरतो. युरोपात ही रीत शंभर वर्षांहून जुनी असून तिच्यापुढे श्रीमंत-गरीब कोणाचे चालत नाही. आपल्या देशात आय-लीग ही पूर्वी सर्वांत वरची इयत्ता होती. पुढे 2014 साली इंडियन सुपर लीग नावाची नवी स्पर्धा निघाली. तिच्यात बसावयास परीक्षा नव्हती. मोठी फी भरावी आणि बाक धरावा. हळूहळू तीच वरची इयत्ता ठरली. खेळाच्या बळावर आय-लीगमधून तीत चढण्याची वाट 2023 साली प्रथम उघडली आणि पंजाबचा संघ वर गेला. 2024 साली कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग गेला. 2025 साली पाळी चर्चिलची, असे सर्व गोव्याने धरून ठेवले होते.

रामनवमीस शेवटचे सामने संपले तेव्हा पाटीवर चर्चिलचे 40 गुण होते आणि इंटर काशी या संघाचे 39. परंतु जानेवारीतील एका सामन्यात प्रतिपक्षाने, म्हणजे नामधारी या संघाने, नियमाविरुद्ध खेळाडू उतरवला, सबब त्या सामन्याचे गुण आम्हांस मिळावेत, असा काशीकरांचा दावा होता. एका समितीने तो मान्य केला, वरच्या समितीने फिरवला, चर्चिलास विजेते ठरवले. आणि अखेर स्वित्झर्लंडमधील लोझान येथे खेळांचे जे सर्वोच्च न्यायालय आहे, त्याने जुलैत तो निकालही उलटवून काशीस पहिला नंबर दिला. म्हणजे चेंडू राहिला मैदानात आणि सामना संपला कचेरीत. वर जाण्याचा रस्ता काशीवरूनच जातो, असे आम्ही सहज म्हणालो. पण व्याह्यांस विनोद रुचला नाही, आणि आम्हांसही मागाहून तो हलका वाटला.

"न्यायालयाचा निकाल चुकला असे मी म्हणत नाही," व्याही म्हणाले. "नियम तो नियम. परंतु तीन महिने आम्ही वर होतो, मास्तर. कोणास ठेवावे, कोणास घ्यावे, परदेशातून पुढच्या फळीचा गडी आणावा की आपल्याच पोरांवर भिस्त ठेवावी, यावरून आमच्या गल्लीत अबोले धरले गेले. ती सर्व भांडणे आता कोणत्या खात्यावर टाकावयाची?"

येथपर्यंत आमचा पुतण्या खांबास टेकून निमूट बसला होता. मुंबईत पेढीवर नोकरी, वय चाळिशीकडे झुकलेले, घरात सर्वांत मितभाषी. तो एकाएकी म्हणाला, "काका, तुम्हांस निदान भांडावयास संघ तरी उरला आहे. आमचा तर शाळेच्या पटावरूनच गेला."

आणि मग आम्हांस जे कळले त्याने आम्ही थक्क झालो. कॉलेजचा अभ्यास म्हणून जे सायंकाळचे तास आम्ही त्याच्या नावे मांडीत होतो, त्यांतील कित्येक कूपरेजच्या मैदानावर खर्च झाले होते! मुरबाडहून कल्याणपर्यंत एस. टी., पुढे लोकल, आणि परतताना शेवटची गाडी चुकली तर कल्याणच्या स्थानकात रात्र. हे सर्व कशासाठी, तर मुंबई एफ. सी. नावाच्या संघासाठी. हा संघ 2007 साली निघाला. डेव्हिड बूथ या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली 2008 साली दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन आय-लीगमध्ये चढला. चढला तो चढला. अजिंक्यपद त्यास कधी मिळाले नाही. दरवर्षी माघापासून एकच हिशेब: अजून किती गुण मिळाले म्हणजे खाली उतरावे लागणार नाही?

नातू फिस्‌कन हसला. त्याचा पक्ष मुंबई सिटीचा. सुपर लीगमधील हा संघ अंधेरीस खेळतो आणि त्याने चषकही दोनदा जिंकला आहे. "काठावर पास होणाऱ्यांचा कोणी चाहता असतो का?" असे तो म्हणाला. मुलांच्या तोंडून असे वाक्य निघते तेव्हा त्यात वडीलधाऱ्यांचाच आवाज असतो, हे आम्ही ओळखले, आणि खाली मान घातली.

पुतण्या रागावला नाही. त्याने खालिद जमील या गृहस्थांची हकीकत सांगावयास घेतली. हे मुंबई एफ. सी.कडून खेळले आणि 2009 पासून 2016 पर्यंत त्याचे प्रशिक्षक होते. पैसा बेताचा, नावाजलेले गडी दुसरीकडे जावयाचे. परंतु या सर्व वर्षांत त्यांनी संघ एकदाही खाली जाऊ दिला नाही. प्रेक्षकांत त्यांच्याविषयी दोन तट होते. एक म्हणे, हा माणूस गोल खाऊ नये एवढेच शिकवतो, गोल करावा कसा हे शिकवीत नाही. याच्या पायी आपण कधी वर पाहणार नाही. दुसरा म्हणे, आधी पायाखालची जमीन राहू द्या. पुतण्या पहिल्या तटातला! "सामना संपल्यावर चर्चगेटपर्यंत आम्ही त्यांना नावे ठेवीत चालत असू," तो म्हणाला. 2016 साली ते गेले तेव्हा त्यास बरे वाटले होते. दुसऱ्याच हंगामात, 2017 साली, मुंबई एफ. सी. दहांत दहावा येऊन खाली उतरला आणि लौकरच बंद पडला. महिंद्रा युनायटेड त्याच्याही आधी, 2010 साली, बंद झाला होता. तो तर 2006 चा अजिंक्य संघ. मुंबईत चांगल्या गोष्टी मोडण्यास फार वेळ लागत नाही.

आता या हकीकतीचा दुसरा भाग. त्याच हंगामात खालिद जमील मिझोरामच्या ऐझॉल संघाकडे गेले होते. हा संघ त्याआधीच्या वर्षी नापास झालेला. कसा नापास झाला, ते मात्र पाहण्यासारखे आहे. 2016 साली आय-लीगमध्ये 9 संघ होते. नववा, म्हणजे अगदी शेवटचा, आला पुण्याचा डी. एस. के. शिवाजियन्स. परंतु हा संघ चढून आलेला नसून फी भरून थेट बसवलेला होता, आणि करारच असा होता की, त्यास खाली उतरवावयाचे नाही. तेव्हा आठवा आलेला ऐझॉल नापास झाला. पुढे सुपर लीगला वरचे स्थान देण्याच्या बेताविरुद्ध रागावून साळगावकर, स्पोर्टिंग व देंपो या गोव्याच्या संघांनी आय-लीग सोडली, जागा रिकाम्या पडल्या आणि ऐझॉलास परत बोलावणे आले. त्या परत बोलावलेल्या, नापास ठरलेल्या मुलांना घेऊन खालिद जमील यांनी 18 सामन्यांत 37 गुण मिळवले. मोहन बागान 36 वर राहिला, आणि ऐझॉल 2017 साली देशाचा अजिंक्य संघ झाला. ईशान्येकडील राज्यांत हा मान तोवर कोणास मिळाला नव्हता.

"देंपोंनी रागाने घर सोडले," व्याही मध्येच म्हणाले, "पाच अजिंक्यपदांचे धनी! आणि 2024 साली खालच्या पायरीवरून पुन्हा आय-लीगमध्ये चढून आले. आठ वर्षे गेली. रागाचे व्याज असे भरावे लागते." एवढे बोलून त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला.

आमचे लक्ष मात्र तिकडे नव्हते. नववा पास आणि आठवा नापास, हे शब्द आमच्या कानांत घुमत होते. ही गोष्ट आम्ही फुटबॉलच्या मैदानावर प्रथम ऐकत नव्हतो. ती आमच्या स्वतःच्या हातून घडलेली आहे. आजवर घरात कोणास सांगितली नव्हती, ती त्या रात्री सांगून गेलो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत सातवीचे वर्गशिक्षक होतो. शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही. वार्षिक परीक्षेत शेवटून पहिला आला तो एका देणगीदाराचा मुलगा. शेवटून दुसरा, एका वाडीवरचा. हा दोन तास चालून शाळेस येई, पावसाळ्यात डोक्यावर इरले आणि इरल्याखाली दप्तर. आणि संस्कृत सुभाषिते आमच्या तोंडून एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी बिनचूक म्हणून दाखवी. गणिताने मात्र त्याचा घात केला. दोघांसही थोडे वाढीव गुण देऊन वर चढवावे, असे आमच्या मनात होते. परंतु वरून निरोप आला की, देणगीदाराचा मुलगा गेलाच पाहिजे. आणि शाळा सर्वांसच ढकलते असा बोभाटा नको, म्हणून एकजण राहिलाही पाहिजे. आम्ही दोन दिवस विचार केला, असे म्हणणे खोटे ठरेल. एकच रात्र केला. मग शेवटून दुसऱ्याच्या नावापुढे लाल शाईने जे लिहावयाचे ते लिहिले आणि खाली सही केली. अक्षर आमचेच होते. सक्तीचा निरोप दुसऱ्याचा होता, हे आम्ही पुढे स्वतःस अनेक वेळा सांगून पाहिले. सहीखाली ते वाक्य काही उमटत नाही.

"मग त्या मुलाचे काय झाले, आजोबा?" नातवाने विचारले.

"जूनमध्ये तो आला नाही. दिवाळीनंतर त्याची माणसे भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली, त्यांच्याबरोबर तोही गेला."

"परत बोलावले नाही कोणी? ऐझॉलसारखे?"

या प्रश्नावर आम्ही काय उत्तर देणार? जागा रिकामी होतीच. ती नेहमीच रिकामी असते. वाडी दोन तासांच्या वाटेवर होती, आणि ती वाट आमच्याही पायांना येत होती.

ओसरीवर बराच वेळ कोणी बोलले नाही. पन्हळीचे पाणी तेवढे ऐकू येत होते. शेवटी पुतण्या उठला आणि माडीवरून पत्र्याचा एक डबा घेऊन आला. त्यात कूपरेजच्या तिकिटांचे तुकडे होते. काहींस टाचणीने एस. टी.ची तिकिटेही जोडलेली. खालिद जमील यांस नावे ठेवीत घरी आल्यावरही त्याने ती जपून ठेवली होती. (पुढे ऑगस्टच्या आरंभी भारताच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांचीच नेमणूक झाली, ती वार्ता या मितभाषी मनुष्याने पेढीवरून खास दूरध्वनी करून आम्हांस कळवली. त्याच वर्षी गोव्यात सिंगापूरने आपल्या संघास हरवले आणि 2027 च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली, तेव्हा मात्र दूरध्वनी आला नाही; आम्हीच केला.)

नातवाने ती तिकिटे एकेक करून दिव्याजवळ धरून वाचली. हसला नाही. मग तो व्याह्यांकडे वळून म्हणाला, "आजोबा, चर्चिल पुढच्या वर्षी तरी वर जाईल?"

व्याह्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "गोली चांगला मिळाला तर," ते म्हणाले, आणि बोटे मोडीत एकेक गडी मोजावयास लागले. मधल्या फळीपर्यंत आले तेव्हा पुतण्याने त्यांस अडवले, असा गडी त्या जागी चालणार नाही म्हणून. आणि दोघांचे जे जुंपले ते वीज परत आल्यावरही थांबले नाही. सौभाग्यवतींनी आतून दोनदा दिवा मालवण्याची सूचना केली.